आजीच्या ट्रंकेतली शांता आपटे

गेल्या आठवड्यात पीएच.डी.चा प्रगती-अहवाल मांडला. विषय आहे सुरुवातीच्या मराठी चित्रपटांवरची बंधनं आणि स्त्रिया. एका ज्येष्ठ परीक्षकांना तो पटला नाही. "घरच्यांनी मुलीला सिनेमाला सोडलं नाही, याला सेन्सॉरशिप म्हणत नाहीत. बोर्डाची कात्री कुठे चालली ते दाखवा," असं ते म्हणाले. तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

कात्री चाललीच. १९१८ साली सिनेमॅटोग्राफ कायदा आला, १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर बोर्ड बसलं. प्रभात फिल्म कंपनीच्या 'स्वराज्याचे तोरण'ला १९३० साली नाव बदलून 'उदयकाल' व्हावं लागलं. १९३५ मध्ये संत एकनाथांवरच्या 'महात्मा'चा 'धर्मात्मा' झाला, कारण महात्मा म्हटलं की लोकांना गांधीजी आठवायचे. हे सगळं आज सांगता येतं, कारण सरकारी बंदीचा कुठेतरी कागद होतो.

पण मग १९१३ चं काय? चित्रपटांचा कायदा यायला अजून पाच वर्षं होती. तरीही 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण फाळक्यांना बाई मिळेना. ती कुठल्या बोर्डाने अडवली होती? त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा मला फार अभिमान वाटतो.

माझी आजी कोल्हापूरची. १९३७ साली 'कुंकू' आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. मैत्रिणीच्या मावशीबरोबर, देवळात जाते सांगून, तिने तो पाहिला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्याला नवरा मानायला तयार नसते, आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. नव्वदीतसुद्धा आजी हे सांगताना हात उगारून दाखवायची. "सटासट, बाळ! आणि आम्ही बायका सगळ्या गप्प. मला टाळी वाजवायची होती गं, पण हातच उचलेना."

तो प्रसंग पडद्यावर धडधडीत चालू होता. आजीच्या हाताला कोणी धरलं होतं, हेच मला शोधायचं आहे.

पुढे तिने कुठल्याशा मासिकातला शांता आपटेंचा फोटो कापून ठेवला. तो पणजोबांना सापडला आणि त्यांनी तिच्यासमोर टराटरा फाडला. असल्या बायकांची चित्रं आपल्या घरात नकोत, एवढंच म्हणाले. आजीने रात्री तुकडे गोळा केले, भाताच्या शितांनी चिकटवले आणि ट्रंकेच्या तळाला, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली दडवले. तो फोटो आता माझ्याकडे आहे. एक चीर बरोबर हनुवटीखालून जाते, मागे केसांच्या तेलाची अर्धी जाहिरात आहे, आणि शितांचे डाग पिवळे पडून कडक झालेत.

त्याच शांताबाई १९३९ साली कराराच्या वादावरून प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. पुण्यातल्या त्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे; चित्रपट संग्रहालयात वाचायला जाताना मी मुद्दाम तिथून जाते. १९४० मध्ये त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. एवढी गाजलेली नटी चित्रपटधंद्याविषयी मराठीत स्वतः लिहिते, आणि आपल्या किती अभ्यासक्रमांत ते पुस्तक आहे?

'कुंकू'तल्या म्हाताऱ्याची सुधारक मुलगी झालेल्या शकुंतला परांजपे खऱ्या आयुष्यात संततिनियमनाचं काम करत होत्या, तेसुद्धा त्या विषयाचा उच्चार अश्लील मानला जायचा त्या काळात. पडद्यावरची बाई, पडद्यामागची बाई आणि पाहायला आलेली बाई, तिघींवरच्या बंधनांचा धागा एकच आहे. बोर्डाच्या कागदांत त्याचं एक टोक मिळतं. दुसरं आजीच्या ट्रंकेत मिळालं. परीक्षकांना मी पुढच्या वेळी तो फोटोच दाखवणार आहे.

तुमच्या आजीला, पणजीला, आत्याला कुठला सिनेमा पाहू दिला नव्हता? कोणी, काय कारण सांगून? त्या हयात असतील तर आजच विचारा आणि मला कळवा. नाव नको. गाव, साल आणि सिनेमा एवढं पुरे.