आमची वाटचाल : डीबीचा हिशोब

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या गच्च्यांवरून कोॲक्सियल केबल ओढणं, हे आमच्या फर्मचं पहिलं काम. ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर, त्याला वीज. वीज गेली की अख्खी गल्ली बंद. फायबर, म्हणजे प्रकाशावर सिग्नल नेणारी काचेची तार, आलं आणि ही कटकट मिटली. केंद्रातल्या ओएलटी यंत्रापासून घरातल्या ओएनटी डबीपर्यंत वीज लागणारं मध्ये काहीच उरलं नाही. मात्र मध्ये सिग्नल वाढवायचीही सोय गेली, त्यामुळे निघतानाचा प्रकाश पुरवून वापरावा लागतो.

सिंगल मोड (प्रकाशाला एकच वाट देणाऱ्या) काचेचा व्यास १२५ मायक्रॉन, त्यातला गाभा जेमतेम ९, आणि वरचं रंगीत कोटिंग धरून २५०. गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त, म्हणून प्रकाश आतच राहतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कामांत जुनी मल्टिमोड (अनेक वाटांची) केबलही भेटते, तिचा गाभा ५० किंवा ६२.५. दोन्हींचा जोड मारला तर सिंगलकडून मल्टिमोडकडे प्रकाश बरा जातो, उलट येताना बहुतेक सांडतो. म्हणजे ‘एका बाजूने चालतं’ अशी तक्रार आली की आधी जॅकेटचा रंग बघा. पिवळं ते सिंगल मोड, नारिंगी किंवा आकाशी ते बहुधा मल्टिमोड.

नवी लाइन टाकण्याआधी वाटेतल्या घटीची कागदावर बेरीज होते. घट डीबीत मोजतात, प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये. समजा ओएलटी +३ डीबीएम देतो. ५ किलोमीटर केबलचे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीला साधारण १.२५ डीबी, १:८ स्प्लिटरचे (एका काचेतला प्रकाश आठांत वाटणाऱ्या भागाचे) १०.५, पुढच्या १:४ चे ७.२, चार कनेक्टरचे १.२, आठ जोडांचे ०.४. एकूण २०.५५, म्हणजे घरात −१७.५५ डीबीएम पोचायला हवेत. बी प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये (अशा फायबर जाळ्याच्या एका मानकात) ओएनटी −२७ पर्यंत ओढतो, पण आम्ही −२४ च्या खाली लाइन सोपवत नाही. पावसाळा अजून बघायचा असतो! बेरजेतला मोठा खर्च स्प्लिटरचा आहे हेही दिसेल, केबलच्या लांबीला लोक उगाच घाबरतात.

स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे दोन काचा वितळवून जोडताना, मशीनपेक्षा मशीनच्या आधीची दोन मिनिटं महत्त्वाची. पहिली वस्तू स्लीव्ह, जोडावर बसणारी संरक्षक नळी. ती आधी ओवायची राहिली तर चांगला झालेला जोड तोडून पुन्हा बसावं लागतं. नवी पोरं हमखास इथेच चुकतात. मग तीनेक सेंटिमीटर कोटिंग काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसायचं. पुसताना काच कुरकुर वाजली की स्वच्छ झाली. क्लीव्हरचा, म्हणजे काच कापायच्या हत्याराचा, काप काटकोनात हवा, कोन १ अंशापेक्षा जास्त गेला की पुन्हा कापायचा. कापल्यावर पुसायचं नाही, टोकाला बोटही नको. उरलेला तुकडा लगेच डबीत, तो पायात गेला तर सापडत नाही. मशीन ०.०२ डीबी घट दाखवतं तो अंदाज असतो. खरा आकडा ओटीडीआरवर (काचेत प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून घट आणि अंतर सांगणाऱ्या यंत्रावर) दोन्ही बाजूंनी मोजून, सरासरी काढून मिळतो. एका बाजूने कधी कधी जोडावर चक्क वाढ दिसते, ती दोन काचांमधल्या फरकामुळे, नफा समजू नये. जुलैच्या दमट हवेत आर्क कॅलिब्रेशन (काच वितळवणाऱ्या ठिणगीची जुळणी) केल्याशिवाय आम्ही पहिला जोड मारत नाही.

घरातल्या बऱ्याच तक्रारी कनेक्टरच्या धुळीच्या निघतात. दुसरा नंबर हिरवा-निळ्याचा. हिरव्या एपीसी कनेक्टरचं तोंड ८ अंशांनी तिरकं, निळ्या यूपीसी कनेक्टरचं सरळ. एकात दुसरं घुसतं, पण मध्ये फट राहते आणि लॉस, म्हणजे घट, चढतो.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांनंतर वेगळीच कामं येतात. गच्चीवरच्या ड्रॉप केबलला (घरात शिरणाऱ्या शेवटच्या तारेला) मांजा अडकतो, कोणीतरी ओढतो, केबल तुटत नाही पण खिळ्यापाशी दुमडते. ओटीडीआरवर १३१० नॅनोमीटरला ठीक आणि त्याच जागी १५५० ला मोठी पायरी दिसली तर बाक समजायचा. दोन्हींना सारखीच असेल तर जोड किंवा कनेक्टर. जी ६५२ डी प्रकारच्या काचेला वळणाची किमान ३० मिलिमीटर त्रिज्या लागते, जी ६५७ ए २ साडेसातवरही निभावते, म्हणून घरात आम्ही तीच टाकतो.

ओटीडीआर अंतर सांगतो ते काचेचं, रस्त्याचं नाही. दर चेंबरमध्ये सोडलेली १०-१५ मीटरची गुंडाळी वजा केली नाही तर खड्डा भलतीकडे पडतो. त्या गुंडाळ्यांचं रजिस्टर आम्ही ठेवतो. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी जिथे चढतं तिथले क्लोजर (जोडांच्या बंद पेट्या) आता खांबावर घेतले आहेत.

प्रत्येक ओएनटीच्या खाली चिकटपट्टीवर पहिल्या दिवसाचा डीबीएम आणि तारीख असते. तक्रारीचा फोन आला की आम्ही आधी तो आकडा वाचायला सांगतो.