तुम्ही विचारलंत म्हणून: खपणारी पुस्तकं आणि न वटलेला चेक

टॉप शेल्फ या छोट्या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाचं नाव काढलं की प्रश्न ठरलेला: "पुस्तकं चांगली होती, खपतही होती, मग २००२ साली ते बुडायला कसे आले?" आणि त्याच्या शेपटाला लगेच दुसरा: "पण वाचकांनी एका दिवसात वाचवलं, हे खरं ना?" दुसऱ्याचं उत्तर "हो" आहे आणि त्या "हो"नेच सगळा घोळ केलाय. ते ऐकलं की माणसं इतकी खूश होतात की पहिला प्रश्न विसरतात. म्हणून आज पहिल्यापासून, आणि रुपये-आणे-पै लावून.

ख्रिस स्टॅरॉस आणि ब्रेट वॉर्नॉक हे टॉप शेल्फ चालवणारे दोघे, एवढं पुरे. १९९७ पासूनची दोन माणसांची कंपनी. एक जॉर्जियात मॅरिएटाला, दुसरा पार पलीकडे ऑरेगनमध्ये पोर्टलंडला. त्यांचा माल दोन वाटांनी जायचा. एक वाट कॉमिक्सच्या खास दुकानांची. तिथे डायमंड नावाचा वितरक आधी मागणी गोळा करायचा, तेवढीच पुस्तकं उचलायचा, साधारण महिन्याभरात पैसे द्यायचा, आणि दुकानदाराला न खपलेला माल परत करता यायचा नाही. दुसरी वाट नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानांची. तिथे सगळं परतीच्या बोलीवर आणि पैसे तीन-चार महिन्यांनी. नव्वदीच्या शेवटी सगळ्या छोट्या प्रकाशकांना ही दुसरी वाट हवी होती, कारण जाडजूड, सलग ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रकादंबरी, विकत घेणारा वाचक तिथे होता. सुपरहिरोंच्या रांगेत उभा राहणारा तो नव्हे.

आता हिशेब. आकडे मी उदाहरणादाखल धरतोय, पण प्रमाण त्या धंद्यातलंच आहे. वीस डॉलर किमतीचं पुस्तक, ३,००० प्रती. एका प्रतीची छपाई साडेतीन डॉलर, म्हणजे छापखान्याचं बिल १०,५०० डॉलर, तेही तीस ते साठ दिवसांत. दुकान निम्मी किंमत ठेवून घेणार, उरलेल्या दहातला पाव हिस्सा वितरक कापणार. प्रकाशकाच्या हाती साडेसात. त्यातून दोन डॉलर चित्रकाराचं मानधन. उरले साडेपाच. म्हणजे नुसती छपाई सुटायला १,९०० च्या वर प्रती खपायला हव्यात. समजा २,५०० प्रती दुकानांत गेल्या. सगळे म्हणाले, वा, पुस्तक चाललं! सहा महिन्यांनी चौथा हिस्सा परत आला. त्यांचे कोपरे दुमडलेले, पाठीवर किमतीचा स्टिकर, काढायला गेलं तर मुखपृष्ठाचा रंग सोबत निघतो. खऱ्या खपल्या १,८७५. छपाईसुद्धा सुटली नाही. वाहतूक, गोदामाचं भाडं, वीजबिल तर मी धरलंच नाही.

म्हणून "पुस्तकं खपत होती" या वाक्याला या धंद्यात फारसा अर्थ नाही. कुठे खपली, परत किती आली आणि पैसे कोणत्या तारखेला आले, हे सांगा, मग बोलू.

आता एप्रिल २००२. टॉप शेल्फचा पुस्तक-दुकानांकडचा वितरक होता शिकागोचा एलपीसी ग्रुप. त्याने अमेरिकन दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली अर्ज केला आणि त्याने टॉप शेल्फला दिलेला २०,००० डॉलरचा चेक वटला नाही. वीस हजार ही रक्कम मोठ्या प्रकाशकाच्या एका जाहिरातीची. पण चेक न वटण्याचं दुखणं रकमेत नसतं, साखळीत असतं. येणाऱ्या चेकच्या भरवशावर छोटा प्रकाशक छापखान्याला आपला चेक देऊन बसलेला असतो. वरचा पडला की खालचाही पडतो, बँक दोन्हीकडून दंड लावते, आणि छापखाना पुढचं पुस्तक मशीनवर चढवत नाही. पुढचं पुस्तक नाही म्हणजे डायमंडकडून महिन्याभरात येणारे पैसेही नाहीत. एका वाटेवरचा खड्डा असा दुसऱ्या वाटेपर्यंत पोचतो.

आणि अकरावं प्रकरण म्हणजे काय, हेही नीट ऐका, कारण "मग कोर्टात का नाही गेले?" हा तिसरा प्रश्न मला कायम येतो. अर्ज पडला त्या क्षणी सगळी वसुली थांबते. तारण घेऊन कर्ज देणारी बँक रांगेत पुढे, बिनतारणाचे घेणेकरी मागे, आणि प्रकाशक या मागच्या रांगेत. वर आणखी एक काटा: अर्जाच्या आधीच्या नव्वद दिवसांत वितरकाने तुम्हाला जुन्या बिलाचे पैसे दिले असतील, तर तेसुद्धा परत मागता येतात. मिळालेला पैसाही पूर्ण तुमचा नाही!

स्टॅरॉसने वाचकांना मेल पाठवली. मागणी साधी होती: ४०० जणांनी प्रत्येकी ५० डॉलरची पुस्तकं घेतली तर हा महिना निघेल. देणगी मागितली नाही, वर्गणी मागितली नाही. एका दिवसाच्या आत पुरेशा ऑर्डरी आल्या.

इथे डोळे पुसायचे थांबा आणि परत हिशेब करा. थेट विक्रीत वीस डॉलरच्या पुस्तकाचे वीसच्या वीस डॉलर येतात, ते कार्डावरून दोन-तीन दिवसांत, आणि पुस्तक आधीच छापून गोदामात पडलेलं असतं. तेच २०,००० हातात पडायला वितरकाच्या वाटेने ५३,००० डॉलरहून जास्त किमतीची पुस्तकं खपवायला लागली असती, आणि पैसे तीन-चार महिन्यांनी. म्हणजे चारशे जणांनी दया दाखवली हे खरं असेल-नसेल. त्यांनी मधले दोन हात काढून टाकले हे नक्की. आपल्याकडच्या प्रकाशनपूर्व सवलतीमागे हेच शहाणपण आहे, फक्त तिथे पैसे छपाईच्या आधी येतात, इथे छपाईनंतर आले.

पण हे फुकट नव्हतं. चारशे ऑर्डरी म्हणजे प्रत्येकी दोन-तीन पुस्तकं, म्हणजे हजारभर प्रती. प्रत्येक गठ्ठा पुठ्ठ्यात घट्ट बसवायचा (सैल राहिला की कोपरे मरतात), पत्ते चिकटवायचे, पोस्टात रांग लावायची. आलेल्या पैशांतून मानधन द्यायचं असतं, कार्ड कंपनीचे तीनेक टक्के जातात. गोदाम रिकामं झालं तर जुनी पुस्तकं पुन्हा छापायची, म्हणजे परत छापखान्याचं बिल. शिवाय त्या आठवड्यात ज्याने थेट घेतलं, तो पुढच्या महिन्यात गावातल्या कॉमिक्सच्या दुकानात तेच पुस्तक घेणार नाही. दुकानदाराने ते परत न करण्याच्या बोलीवर उचललंय. त्याला कोण मेल पाठवणार?

मी स्वतः कित्येक वर्षं ही गोष्ट "वाचकांची ताकद" म्हणून सांगत आलो. आता ती मान्य करायला जड जातं. ताकद वाचकांची असेल तर मॅसॅच्युसेट्सचं हायवॉटर बुक्स हे तसंच छोटं कॉमिक्स प्रकाशन २००४ मध्ये बंद का पडलं? वाचक जवळपास तेच, पुस्तकं देखणी, चित्रकार पुढे मोठे झालेले. चालवणारा टॉम डेव्हलिन माँट्रियलच्या ड्रॉन अँड क्वार्टर्ली या प्रकाशनात गेला. तेव्हाचा मी म्हणाला असता, त्याने मेल पाठवली नाही. आत्ताचा मी म्हणतो, ज्याच्या गोदामात विकण्याजोगी वीस-तीस जुनी पुस्तकं आणि हाताशी पत्त्यांची यादी आहे, त्यालाच मेलचा उपयोग. पण हेही पुरतं पटत नाही. सिएटलच्या फॅन्टाग्राफिक्स या कॉमिक्स प्रकाशनाने २००३ मध्ये तशीच हाक दिली, त्यांचाही वितरक बुडाला होता, आणि वाचक धावले. २०१३ मध्ये भागीदार किम थॉम्प्सन गेले, त्यांच्या हातातली तेरा पुस्तकं एका हंगामातून गळली, तेव्हा दीड लाख डॉलर मागितले आणि दोन लाखांच्या वर जमले. एकाच घराला दहा वर्षांत दोनदा हात पसरायला लागतात, ही ताकद की दुखणं?

टॉप शेल्फने मात्र संकटानंतर हात आखडले नाहीत. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, क्रेग थॉम्प्सनचं 'ब्लँकेट्स' हे ग्राफिक नॉव्हेल काढलं, सहाशेच्या आसपास पानांचं, एकाच खंडात. पातळ अंक काढून आधी थोडा पैसा सोडवायचा, मग संग्रह, ही जुनी रीत मोडून. म्हणजे छपाईचं सगळं ओझं एकदम अंगावर. वर्षापूर्वी चेक न वटलेल्या माणसाने हे करावं याला मी बराच काळ धाडस म्हणायचो. हिशेबाच्या वहीत त्याला जुगार म्हणतात. लागला, म्हणून आपण त्यावर बोलतोय.

२०१५ मध्ये टॉप शेल्फ आयडीडब्ल्यू या दुसऱ्या कॉमिक्स प्रकाशकाने विकत घेतलं. "विकलं कशाला?" असं तक्रारीच्या सुरात विचारणाऱ्यांनी वरची साडेसात डॉलरची ओळ परत वाचावी. नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांच्या 'मार्च' या टॉप शेल्फच्या ग्राफिक नॉव्हेलच्या तिसऱ्या खंडाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, तो विक्रीनंतर.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये खुद्द डायमंडनेच अकराव्या प्रकरणाखाली अर्ज केला. भरवशाची वाट तीच होती. त्यांच्या गोदामात प्रकाशकांचा विक्रीसाठी ठेवलेला माल होता. तो विकून आधी बँकेचं कर्ज फेडू, असा प्रस्ताव त्याच उन्हाळ्यात कोर्टापुढे आला आणि प्रकाशक हरकती घेऊन उभे राहिले. अमेरिकेत असा माल "माझा" ठरवायचा तर राज्याच्या दफ्तरी यूसीसी-१ नावाचा एक फॉर्म आधी भरून ठेवावा लागतो. किरकोळ फीचं काम. दोन माणसांच्या कंपनीत ते कोण करणार, पुठ्ठे चिकटवणारा की चित्रकाराला फोन करणारा?