चल्लस-आठचं दान आणि मोजणीतली चूक

चल्लस-आठ या पटावरच्या खेळात फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाका टाकतात. जितक्या फाकांची आतली पांढरी बाजू वर पडेल तितकं दान; चारही पालथ्या पडल्या की आठ. म्हणजे दानं पाच: १, २, ३, ४, ८. मग आठ पडण्याची संभाव्यता १/५? इथेच घोडं पेंड खातं.

अनुकूल निष्पत्ती (हवे ते निकाल) भागिले एकूण निष्पत्ती हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, असतील तरच लागू पडतं. दहावीच्या गणितात नाणी आणि फासे ही अट गुपचूप पाळतात, त्यामुळे ती मुलांच्या ध्यानातच राहत नाही.

फाकांना अ, ब, क, ड म्हणा. प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणून नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या निष्पत्तींच्या यादीत, २×२×२×२ = १६ निष्पत्ती. एकच पांढरी चार तऱ्हांनी पडते. दोन पांढऱ्या सहा तऱ्हांनी: अब, अक, अड, बक, बड, कड. तीन चार तऱ्हांनी, चारही एका, एकही नाही एका. ४+६+४+१+१ = १६, म्हणजे काही सुटलं नाही. आता दोनचं दान पडण्याची संभाव्यता ६/१६ आणि आठचं १/१६. ‘फाका सारख्याच दिसतात, मग अब आणि कड वेगळे का?’ असं कुणी विचारलंच, तर प्रत्येक फाकेवर शाईचा वेगळा ठिपका द्या. ठिपक्याने दान बदलत नाही, मोजणं तेवढं सोपं होतं.

द'अलाँबेर हा मोठा गणिती, पण १७५४ साली तोही इथेच घसरला. नाण्याच्या दोन फेकींत एकदा तरी छापा येण्यासाठी त्याने तीन शक्यता धरल्या: छापा (खेळ संपला), काटा-छापा, काटा-काटा. उत्तर काढलं २/३. पण पहिली शक्यता १/२ आहे, उरलेल्या प्रत्येकी १/४. खरं उत्तर ३/४.

आता आमच्या १६ निष्पत्ती तरी समसंभाव्य आहेत का? फाक एका बाजूने सपाट, दुसरीकडून फुगीर, नाण्यासारखी नाही. एक फाक शंभरदा टाकून पांढरी किती वेळा आली ते लिहा. समजा ती साठदा आली, म्हणजे संभाव्यता ०.६. मग चारचं दान ०.६ × ०.६ × ०.६ × ०.६ = ०.१२९६, आणि आठचं ०.४ चारदा गुणून ०.०२५६. दोन्ही १/१६ मानली होती, इथे चारची संभाव्यता आठच्या सुमारे पाचपट झाली! फाका लहानमोठ्या असतील तर चौघींची मोजणी वेगवेगळी करावी लागते.