कला इतिहासाचं पहिलं वर्ष: सोलापुरात राहून केलेला अभ्यास

पहिल्या वर्षी कला इतिहासाच्या पेपरात गुण जातात ते पाठांतर कमी पडल्यामुळे नाही, कलाकृती नीट पाहिलेलीच नसते म्हणून. त्यामुळे मी क्रमच असा ठेवला: आधी बघायचं, मग रेखाटायचं, मग लिहायचं. सनावळी सगळ्यात शेवटी.

प्रत्येक कलाकृतीला वहीचं एक पान द्यावं. वर नाव, काळ, माध्यम, आकारमान, ठिकाण. यातलं आकारमान बहुतेक जण गाळतात. पुस्तकात मोहेंजोदडोची नर्तकी आणि चोळ नटराज एकाच उंचीचे छापलेले असतात. प्रत्यक्षात नर्तकी जेमतेम 10.5 सेंमी आहे. पट्टी लावून ती खऱ्या मापात काढली, की एवढ्याशा ब्राँझमध्ये हातातल्या बांगड्या कशा साधल्या असतील हा प्रश्न आपोआप पडतो, आणि मेण वितळवून ओतकाम करण्याची पद्धत समजून घ्यावीशी वाटते.

माध्यमाचंही तेच. अजिंठ्याच्या चित्रांना सरसकट फ्रेस्को म्हणून मोकळं होऊ नये. तिथे रंग ओल्या चुन्यात मुरलेला नाही, वाळलेल्या गिलाव्यावर थर होऊन बसला आहे. म्हणूनच त्याचे पापुद्रे सुटतात. आणखी एक हमखास चूक म्हणजे लेण्यांच्या क्रमांकालाच काळ समजणं. क्रमांक डोंगराच्या कडेने ओळीत दिलेले आहेत. 9 आणि 10 ही लेणी इसवी सनापूर्वीची, तर 1 आणि 2 वाकाटक राजांच्या काळातली, पाचव्या शतकातली.

सोलापूरकरांना या विषयात मोठी सोय आहे, ती वापरलीच पाहिजे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला, तिथली जुनी देवळं बघायला जावं. सोबत मोजपट्टी, 2बी पेन्सिल आणि कोरे कागद. आधी तलविन्यास, म्हणजे देवळाचा जमिनीवरचा आराखडा, काढायचा: मुखमंडप, सभामंडप, अंतराळ (सभामंडप आणि गर्भगृह जोडणारी जागा), गर्भगृह, अंतरं पावलांनी मोजून. मग एकच खांब निवडायचा आणि त्याचा छेद खालून वर कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल होतो ते टिपायचं. तिथलं 359 मुखांचं शिवलिंग सगळे फोटोत घेतात. त्यातली एकच ओळ कागदावर उतरवून पाहा, चेहऱ्यांची मांडणी कशी केली आहे ते जास्त कळेल. दगडावर खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवू नयेत.

तिथल्या मराठी शिलालेखावर शके 940 आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन 1018. आता आपल्याकडे कुठल्याही जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणायची सवय आहे. हे नाव ज्याच्यावरून आलं तो हेमाद्री यादवांच्या दरबारातला, तेराव्या शतकातला. म्हणजे हा लेख त्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीचा. उत्तरात हे गणित मांडलं, की शैलीचं नाव नुसतं चिकटवलेलं नाही हे तपासणाऱ्याला दिसतं.

विजापूर साधारण शंभर किलोमीटरवर, एका दिवसात जाऊन येता येतं. गोल घुमटात बरेच जण आवाज घुमवण्यातच वेळ घालवतात. त्याआधी मान वर करून कमानी बघा. कागदावर एक चौरस काढा, त्यावर तेवढाच दुसरा चौरस 45 अंशांत फिरवून ठेवा. मध्ये अष्टकोन उरतो. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी हेच केलं आहे, आणि आतून साधारण 38 मीटर व्यासाचा घुमट त्यावर बसला आहे. चौकोनी खोलीवर गोल छप्पर कसं टेकवायचं, या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर पुस्तकातल्या छायाचित्रात मिळत नाही.

युरोपीय भागासाठी मात्र प्रिंटवरच काम करावं लागतं. इटालियन चित्रकार मसाच्चोच्या ‘ट्रिनिटी’ या भित्तिचित्राच्या प्रिंटवर (साधारण 1427) ट्रेसिंग पेपर ठेवून छताच्या रेषा पट्टीने खाली वाढवा. त्या क्रूसाच्या पायथ्याजवळ, समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर एकत्र येतात. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याची ही पद्धत, एकदा असं हाताने काढलं, की ती रूढ होण्याआधीच्या जोत्तो या चित्रकाराच्या चित्रांतल्या इमारती वेगळ्या का वाटतात तेही सांगता येतं.

उत्तर लिहिताना निम्मी जागा वर्णनाला ठेवावी: रचना, रेषा, छायाप्रकाश, आकृत्यांची मांडणी. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द खोडून त्या जागी काय दिसतं ते लिहावं. चित्रकाराचं चरित्र दोन ओळींत आटपावं. तुलनेचा प्रश्न असेल तर दोन्ही कृती एकाच मुद्द्यावर शेजारी ठेवाव्यात. आधी एकीची सगळी माहिती, मग दुसरीची, असं लिहिलं तर तुलना होतच नाही.