आता तर रॅम्पही झाला

भाजीबाजारात, मयतीच्या घरी, चर्चच्या फाटकाशी, परवा तर बँकेच्या रांगेत. प्रश्न एकच: "आईंना चर्चला का नाही हो आणत?" पूर्वी "पायऱ्या आहेत ना" म्हटलं की सुटका व्हायची. पण गेल्या वर्षी इस्टरच्या आधी पास्टोरेट कमिटीनं, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीनं, बाजूच्या दाराला रॅम्प बांधला, स्टीलचा कठडा लावला, आणि प्रश्नाला शेपूट फुटलं. "आता तर रॅम्पही झाला!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मंडळीतल्या तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी रॅम्पचं. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी लागते, असा साधा हिशोब असतो. आपलं जोतं साडेतीन फूट, म्हणजे बेचाळीस फूट हवे होते. आपला रॅम्प सोळा फुटांत संपतो. त्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात, आणि उतरवताना खुर्ची उलटी फिरवून पाठीकडून खाली आणावी लागते, नाहीतर बसलेलं माणूस पुढे घसरतं. हे मी कमिटीत बोलले नाही, कारण लोकांनी पदरचे पैसे घातले होते. आणि तसंही, चढ हे काही मी न येण्याचं कारण नाही.

रविवारची धावपळ हेही नाही. नऊच्या उपासनेसाठी साडेपाचला उठायचं, आईंना पुसून घ्यायचं, डायपर बदलायचा, पाठ बघायची, पाण्यात पावडर कालवून ते दाट करून चमच्यानं पाजायचं, कारण पातळ पाणी त्यांच्या श्वासनलिकेत जातं. वाटीभर पेजेला पाऊण तास लागतो. पण दवाखान्याची तारीख असली की हे सगळं मी करतेच. रविवारीच जमत नाही म्हटलं तर ते खोटं होईल.

खरं कारण दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी घडलं. महिन्याचा पहिला रविवार होता, प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. रॅम्प नव्हता. तरुण संघाच्या चौघांनी खुर्चीसकट आईंना वर उचललं. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून येशूपुढे खाली सोडलं, बायबलातल्या त्या गोष्टीवरून एकानं विनोदही केला. आई खूश होत्या. पांढरं पातळ, केस मी चापून बसवलेले, हातात गीतांचं पुस्तक उलटं धरलेलं. पण पुस्तक लागतंय कुणाला! सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही, माझं नाव आठवड्यातून दोनदा आठवतं, आणि नारायण वामन टिळकांची भजनं कडव्यामागून कडवं, एक शब्द न चुकता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीनं आपल्या लोकांना काय देऊन ठेवलंय, ते मला अशा वेळी कळतं. सगळं गेलं तरी चाल जात नाही.

पहिलं गीत त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटलं. मागच्या बाकावरच्या बायकांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. मला अभिमान वाटला, तोही लिहून टाकते.

मग उपदेश सुरू झाला, आणि पाचेक मिनिटांत आईंनी पुन्हा गायला सुरुवात केली. आधी गुणगुणल्यासारखं, मग मोकळ्या गळ्यानं. संडे स्कूलची पोरं खिदळली. पाळकसाहेब थांबले, हसले, पुन्हा बोलू लागले. आईंनी दुसरं कडवं धरलं. कमिटीतले एक गृहस्थ वाकत वाकत आले. माझ्या सासऱ्यांच्या शवपेटीला खांदा दिलेला माणूस, वाईट मुळीच नाही. कानाशी म्हणाले, "ताई, जरा बाहेर झाडाखाली बसता का? त्यांनाही वारा लागेल."

मी हो म्हटलं. आणि उठण्याच्या आधी आईंच्या तोंडावर हात दाबला.

नुसता ठेवला नाही, दाबला. "गप्प बसा ना आता!" असं दातांतून म्हणाले. तळहाताखाली त्यांचे ओठ हलतच होते, कडवं पुरं व्हायचं होतं. मग थांबले. त्यांनी माझा हात झिडकारला नाही. वर बघून अगदी हळू, शिकाऊ पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं, सिस्टर."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझ्या सासूबाई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, 1894 पासूनच्या त्या दवाखान्यात. पुढे छत्तीस वर्षं नोकरी केली. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, ओढून न सरकवता खालच्या चादरीसकट उचलायचं, लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही, हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. अजूनही त्यांच्यापुढे चादर आली की बोटं आपसूक तिचा कोपरा दुमडतात, तिरका, घट्ट, वॉर्डातला असतो तसा. त्या बाईनं मला सिस्टर म्हणून माझी माफी मागितली, देवाच्या घरात बसून.

आम्ही कडुनिंबाखाली बसलो. खिडकीतून प्रभुभोजनाचं गीत ऐकू येत होतं, आई मात्र गायल्या नाहीत. शेवटी पाळकसाहेब स्वतः बाहेर आले, झग्यासकट मातीत गुडघे टेकले, भाकरीचा कण द्राक्षरसात बुडवून मऊ केला आणि त्यांच्या जिभेवर ठेवला. गिळेपर्यंत थांबले. मला विचारलं, तर मी मान हलवून नाही म्हटलं.

पुढचं वर्षभर मी ही हकिगत सांगत होते. नातेवाइकांना, शेजारी, महिला मंडळाच्या बायकांना. "भर उपासनेतून आम्हाला उठवलं हो." झाडाखाली बसलो ते सांगायचे. पाळकसाहेब बाहेर आले ते कधी सांगायचे, कधी नाही. माझा हात मात्र एकदाही सांगितला नाही. फिरत फिरत ते त्या गृहस्थांच्या कानावर गेलं, आणि रॅम्पसाठी पहिली देणगी त्यांनीच दिली, बाकीच्यांच्या दारोदार तेच हिंडले. म्हणजे तुम्ही ज्या रॅम्पचं मला सांगता, त्याच्या पायात माझी अर्धी गोष्ट पुरलेली आहे. उरलेली अर्धी आज सांगितली. त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवी होती, ते अजून झालेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, देव क्षमा करतो. करत असेल. माझा प्रश्न देवाबद्दल नाही. चार लोकांच्या नजरा वळल्या की माझा हात पुन्हा उठेल का, हा आहे. घरात आई दिवसभर गातात, रात्री दोन वाजताही, आणि माझा हात कधी उठत नाही. वैतागते, उशीत तोंड खुपसते, पण ते माझं मी. तुमच्यासमोर मात्र मला चांगली सून दिसायचं असतं.

आणि पूर्वीची मी कशी होते, तेही सांगते. 2009 साली सासरे अंथरुणाला खिळले होते. नाताळच्या आधी महिनाभर रोज संध्याकाळी मी क्वायरच्या सरावाला जायचे, त्यांना एकट्या आईंवर सोपवून. आईंचं वयही तेव्हा सत्तरीकडे झुकलेलं. कुणी काही म्हटलं की माझं उत्तर तयार: "देवाचं काम आहे." बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू त्या लोकांना धारेवर धरतो, जे आईबापांना म्हणत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण, करून टाकलंय. तो अध्याय मी तेव्हा कितीदा वाचला असेल! आता मी तोच पुढे करते. आईंची सेवा हीच माझी उपासना, रविवारी यायची गरज काय? माझी लेक म्हणाली, "मम्मी, तेव्हा चर्चच्या नावावर घर टाळलंस, आता घराच्या नावावर चर्च टाळतेस." तिला मी चहा करायला पाठवलं. उत्तर नव्हतं.

तरी एक सांगते. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की कुणी दुखणाईत असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या ज्येष्ठांना, बोलवावं. बोलवावं, असं आहे. दुखणाइताला उचलून आणावं, असं नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, प्रभुभोजन देतात. बाकी तुम्ही? कोरोनापासून मोबाइलवर उपासना दिसते, मी ती आईंसमोर लावते, तर त्या पाच मिनिटांत पेंगतात. समोर बसून कुणी गायलं तर मात्र डोळे उघडतात. मागे दोघीजणी बुधवारी यायच्या, दोन गीतं म्हणून जायच्या. आई टाळ्या वाजवायच्या. चौथ्या बुधवारी अकराजणी आल्या, सफरचंदं घेऊन, आणि प्रत्येकीनं वेगळी प्रार्थना केली, मोठ्यानं. आई घाबरून रडायला लागल्या. मी सगळ्यांनाच नको म्हणून कळवलं. त्या दोघींनाही. त्या दोघींना का, असं विचाराल तर रागात, एवढंच. अकरा नकोत, दोघी या, असं म्हणायला एक फोन पुरला असता.

सफरचंद त्यांना चावत नाही, हेही तेव्हाच सांगायला हवं होतं.

सेक्रेटरी म्हणालेत, नाताळला बाजूच्या दाराजवळचा शेवटचा बाक तुमच्यासाठी मोकळा ठेवतो, आई गायल्या तर गाऊ देत. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. परवा बाजारातून येताना फाटक उघडं दिसलं म्हणून आत गेले. कुणी नव्हतं. पिशवी खाली ठेवली आणि कठडा धरून रॅम्पवरून एकटीच वर जाऊन आले. चढ खरंच जास्त आहे.