मोकळ्या तारेचा झाला

गंगापूर रोडवरची रहदारी सुरू होण्याआधी पहाटे जी थोडी शांतता मिळते, तिच्यात गेले काही दिवस मी अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या ई मेजर (म्हणजे ई हा षड्ज धरलेल्या) पार्टिटातील, म्हणजे अनेक छोट्या भागांच्या रचनेतील, पहिला भाग, ‘प्रेलुदिओ’, ऐकत आहे. एकट्या व्हायोलिनसाठीच्या सहा रचनांची बाख यांच्या हस्ताक्षरातील प्रत १७२० सालची असून त्यांतील ही शेवटची रचना आहे. जाणकार मंडळी याच संचातल्या दुसऱ्या एका पार्टिटातील ‘शाकोन’ या दीर्घ भागाचे नाव निघताच कानाला हात लावतात, आणि ते योग्यच आहे, पण माझ्यासारख्या हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलेल्या माणसाला प्रेलुदिओच अधिक जवळचा वाटतो.

तीन मात्रांची १३८ आवर्तने सोळांशी स्वरांची (एका मात्रेत चार) धार जवळजवळ न तुटता चालते, आणि साथीला कोणीच नसल्यामुळे लय व स्वरसंगती दोन्हींचा भार त्या एकाच ओळीवर असतो. तेराव्या आवर्तनापासून ज्याला ‘बारिओलाज’ म्हणतात तो प्रकार येतो: मोकळी, म्हणजे बोटाने न दाबलेली, ई तार सतत गुंजत राहते, शेजारच्या तारांवर बोटांनी काढलेले स्वर सरकत जातात, आणि मधूनच तोच ई स्वर शेजारच्या ए तारेवर बोट दाबूनही निघतो, त्यामुळे एकच स्वर क्षणात उजळ, क्षणात मऊ ऐकू येतो. मला प्रथम सतारीचा झाला, म्हणजे वादनाच्या अखेरीस चिकारीच्या (षड्ज देणाऱ्या बाजूच्या) तारा सतत छेडत वाजवला जाणारा द्रुत भाग, आठवला. मात्र झाल्यातल्या चिकारीचा षड्ज अढळ असतो; येथे पुढे हाच खेळ ए मेजरमध्ये, मोकळ्या ए तारेवर पुन्हा मांडला जातो, म्हणजे पायाखालचा षड्जच सरकतो!

एका रविवारी सा-प-सा-प मध्ये मिळवलेल्या तारा उतरवून, पाश्चात्त्य पद्धतीने मिळवून, मी त्या चार ओळी वाजवून पाहिल्या. मींडेसाठी लांब गज ओढण्याची सवय असलेले माझे मनगट तारा इतक्या झरझर ओलांडायला तयारच होईना. (शेजारच्या काकूंनी संध्याकाळी व्हायोलिन बिघडले आहे का, असे काळजीने विचारले.)

१७३१ साली लाइपझिगच्या नगरपरिषदेसाठी रचलेल्या एका कॅन्टाटाच्या (गायक व वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) आरंभी बाख यांनी हेच संगीत डी मेजरमध्ये ऑर्गनला दिले आणि सोबत तुताऱ्या व नगारे घातले. थाट मोठा आहे, पण ऑर्गनला तारच नसल्यामुळे दाबलेल्या आणि मोकळ्या स्वरातला तो भेद तेथे ऐकू येत नाही.