मारा नदीचं क्रॉसिंग: गाडी कुठे लावायची आणि किती थांबायचं

टांझानियातल्या सेरेंगेटीतून आलेले वाइल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकन हरणांचे) कळप साधारण जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत केनियाच्या मसाई मारात चरतात. ते नदी एकदाच ओलांडतात हा गैरसमज. पाऊस पडेल, कोवळं गवत उगवेल तिकडे ते वळतात, त्यामुळे तोच कळप आज पलीकडे तर चार दिवसांनी पुन्हा अलीकडे असू शकतो. म्हणून तारखेची हमी देणाऱ्या एजंटाकडे बुकिंग करू नये. मारात सलग तीन रात्री ठेवाव्यात, भले त्यासाठी वाटेतलं नैवाशा सरोवर गाळावं लागलं तरी.

नैरोबीहून नारोकमार्गे माराचं सेकेनानी गेट पाच-सहा तासांवर आहे. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान 15 किलोच्या आत आणि मऊ बॅगेत हवं. चाकांची कडक सूटकेस घेत नाहीत. गाडी मात्र लँड क्रूझरच सांगावी. मारातली माती आपल्या काळ्या रानासारखी, तासभर पाऊस झाला की चाकाला गोळा धरते आणि टू-व्हील ड्राइव्ह व्हॅन तिथेच रुतून बसते.

खर्चाचा खरा फटका माराच्या प्रवेश तिकिटाचा. 2024पासून तिकीट 12 तासांचं आहे आणि जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर पडतात. त्यामुळे ऐन हंगामात अर्धा दिवस राखीव क्षेत्रात आणि अर्धा बाहेर, असा आराखडा परवडत नाही. सहाला गेट उघडताच आत शिरायचं, नाश्ता आणि जेवण डब्यात घ्यायचं, संध्याकाळीच बाहेर पडायचं. शाकाहारी किंवा जैन डबा हवा असेल तर कॅम्पला आदल्या रात्री सांगावं. पहाटे चांगलीच थंडी असते, उघड्या छतातून वारं झोंबतं, कानटोपी न्यावी.

नदीवर पोचल्यावर खरी कसोटी. कळप काठावर जमतो, पुढचे पाण्यापर्यंत उतरतात, दचकतात आणि सगळेच मागे फिरतात. हे तासन्‌तास चालतं. कधी मगर दिसलेली असते, कधी झुडपात सिंह असतो, पण बरेचदा कारण आपणच असतो. अधीर झालेली एखादी गाडी काठाशी सरकते, तिच्यामागे दहा सरकतात, आणि जनावरांची उतरायची वाट बंद होते. गाडी काठापासून लांब, झाडाच्या आडोशाला, इंजिन बंद करून उभी करायची. पहिली रांग पाण्यात पडून मागून लोंढा सुरू झाला की मगच पुढे जायचं. एकदा लोंढा लागला की सहसा थांबत नाही.

समोरच्या काठावर असाल तर अंगावर येणारे चेहरे मिळतात, मागच्या काठावरून नुसत्या पाठी. मात्र समोरच्या काठावर त्यांची चढायची वाट मोकळी सोडावी लागते. ती अडली तर जनावरं उभ्या कड्याला भिडतात आणि मागच्यांच्या रेट्याखाली चेंगरतात. काठ ऐनवेळी बदलता येत नाही. नदीपलीकडच्या पश्चिम भागाकडे, म्हणजे मारा ट्रँगलकडे, जाणारा पूल दक्षिणेला टांझानियाच्या सीमेजवळ आहे, वळसा मोठा पडतो. बाजू सकाळीच ठरवा.

थांबण्याच्या काळात गाडीतून उतरायला मनाई आहे आणि काठावर शौचालय नाही. ड्रायव्हरला आधीच सांगितलं तर तो दूर उघड्या माळावर सुरक्षित जागा बघून थांबवतो. शेवटच्या क्षणी सांगितलं तर सगळ्यांचंच क्रॉसिंग हुकतं.

कॅमेऱ्याला 100-400 मिमीची लेन्स पुरते. ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. रिकामी कापडी पिशवी न्या, तिथे तांदूळ भरा, लेन्स टेकवायला छताच्या कडेवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017पासून बंदी आहे, तेव्हा बॅग भरतानाच त्या काढून टाका. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. तिचं कार्ड परतताना भारतात तपासतात, नसेल तर विलगीकरणात ठेवतात.

क्रॉसिंग हुकलं तरी दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला, खडकाळ उथळ जागी जावं. दरवर्षी सरासरी सहा हजारांवर वाइल्डबीस्ट या नदीत बुडतात आणि मगरी त्यातला अगदी थोडाच भाग खातात. उरलेल्यावर गिधाडं आणि माराबू करकोचे तुटून पडतात. वास सहन होत असेल तर सगळा खेळ अगदी जवळून दिसतो, आणि तिथे गाड्यांची गर्दीही नसते.